चाव्या मामांकडे असतात

आमच्या कॉलेजात पर्यावरणाच्या इंटर्नशिपला आलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात कॉलेजचं विजेचं बिल वाचावं लागतं. अर्जात त्यांनी भलतंच लिहिलेलं असतं. ‘वृक्षारोपण करणे’, ‘जनजागृती करणे’ आणि ‘पथनाट्य बसवणे’ यांपैकी एकही गोष्ट नसलेला अर्ज मला क्वचितच मिळाला आहे. त्यात मुलांचा दोष नाही. बालवाडीपासून त्यांनी पर्यावरण म्हणून जे पाहिलं ते म्हणजे पाच जूनला रोप हातात धरून काढलेला फोटो. त्यामुळे महावितरणचं बिल समोर आलं की चेहरे पडतात. एकीनं स्पष्टच विचारलं होतं, “मॅडम, हे अकाउंट्सचं काम नाही का?”

आहे. अकाउंट्सचंच काम आहे. गेली काही वर्षं हा कार्यक्रम सांभाळताना माझं मत असं झालं आहे की कॉलेजातलं निम्मं पर्यावरण अकाउंट्सच्या खोलीत राहतं आणि उरलेलं निम्मं शिपाईमामांच्या कमरेला लटकणाऱ्या चाव्यांच्या जुडग्यात.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. कॉलेज पुण्यातलं, जुनं, अनुदानित, आवार मोठं. हा कार्यक्रम माझ्याकडे आला तो कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकमुळे, हे लपवण्यात अर्थ नाही. नॅकच्या तेव्हाच्या सातव्या निकषात संस्थेनं पर्यावरणासाठी काय केलं ते विचारत. ग्रीन ऑडिट, एनर्जी ऑडिट दाखवावं लागतं. बाहेरची एजन्सी येते, आवारातून फेरफटका मारते, पानोपानी रंगीत फोटो असलेला अहवाल देते, आणि तो अहवाल फाइलमध्ये लागतो. त्या अहवालातल्या शिफारशी कुणी वाचतं का, हा प्रश्न मी एका बैठकीत विचारला. बैठकीत प्रश्न विचारणाऱ्यालाच काम मिळतं, हे जुन्या प्राध्यापकांना ठाऊक असतं. त्यानंतर नवं शैक्षणिक धोरण आलं, अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग शिरलं, आणि चार श्रेयांकांसाठी १२० तासांचं काम मुलांना कुठून द्यायचं अशी सगळ्याच विभागांची पळापळ सुरू झाली. आमच्याकडे काम आवारातच पडून होतं.

तसा पर्यावरण हा विषय कॉलेजात नवा नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये निकाल दिला आणि पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्याचं पाठ्यपुस्तक लिहिणारे डॉ. एराक भरुचा पुण्याचेच. त्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहण्याला वेगळं स्थान दिलेलं होतं. आम्ही प्राध्यापकांनी आणि मुलांनी मिळून त्याचं जर्नल केलं. मागच्या वर्षीच्या मुलाचं जर्नल पुढच्या वर्षीचा मुलगा उतरवतो, आम्ही सही करतो. मुळा-मुठेच्या प्रदूषणावरची तीच चार पानं मी इतक्यांदा तपासली आहेत की नदीपेक्षा मला त्या पानांचीच दया येते.

तर बिल. ज्योतिषी पत्रिका मांडून बसतो तसं आम्ही बारा महिन्यांची बिलं टेबलावर मांडतो. मंजूर भार किती, कॉन्ट्रॅक्ट डिमांड किती, प्रत्यक्ष मागणी कुठल्या महिन्यात किती चढली, पॉवर फॅक्टर काय. उच्चदाब ग्राहकाचा वापर आता केव्हीएएचमध्ये मोजला जातो. म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की तेवढ्याच कामाला जास्त युनिटं पडतात. तळघरातला कपॅसिटर बिघडलेला असेल तर कुणी एकही दिवा जास्त न लावता बिल वाढतं. फिजिक्सच्या मुलांनी हे परीक्षेत लिहिलेलं असतं, पण बिलावर पाहिलेलं नसतं. मे महिन्यात कॉलेज बंद असूनही आकडा हवा तितका खाली का येत नाही, हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. मग रात्रभर चालू राहणारे संगणक, सर्व्हर रूमचा एसी, प्रयोगशाळेतले फ्रिज आणि व्हरांड्यातले दिवे शोधायला मुलं बाहेर पडतात. पर्यावरणाच्या कामाला सुरुवात झाली, असं मी तेव्हा धरते.

पंख्यांचं प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण त्यात मुलं सगळ्यात जास्त शिकली. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तीसच्या आसपास घेतो. फरक ४५ वॅटचा. दिवसाला आठ तास आणि वर्षाला दोनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे ७२ युनिटं वाचतात. युनिटला दहा रुपये धरा, म्हणजे वर्षाचे सातशे वीस रुपये. पंख्याची किंमत तीन हजार धरली तरी चार-सव्वाचार वर्षांत पैसे फिटतात, आणि पंखा त्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे हवेत सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातो. तोही हिशेब मुलं आपणहून जोडतात, कारण तेवढाच भाग त्यांना ‘पर्यावरणाचा’ वाटतो. हा सगळा कागद आमच्या गटातल्या कॉमर्सच्या मुलानं तयार केला होता. सायन्सची मुलं मोजतात फार छान, पण परतफेडीचा काळ काढायची बुद्धी कॉमर्सच्या मुलांना आधी होते. म्हणून मी प्रत्येक गटात निदान एक कॉमर्सवाला घेतेच.

कागद घेऊन मुलं प्राचार्यांकडे गेली. प्राचार्यांनी कौतुक केलं, पाठीवर थाप मारली, ‘बघू’ म्हणाले. ‘बघू’ म्हणजे काय हे शोधायला आमचे पुढचे कितीतरी आठवडे गेले. कॉलेजात पंख्यांची खरेदी खर्चाच्या एका शीर्षाखाली होते आणि विजेचं बिल दुसऱ्या शीर्षाखाली भरलं जातं. खरेदी समितीपुढे तीन कोटेशनं येतात आणि सगळ्यात कमी किमतीचं मंजूर होतं. न झालं तर लेखापरीक्षक विचारतो. दोन्ही पंखे हवा सारखीच देतात, मग महागडा का घेतला, याचं उत्तर खरेदी समितीच्या सदस्याला द्यावं लागतं. पुढच्या दहा वर्षांचं बिल मात्र कुणालाच द्यावं लागत नाही, ते ‘कॉलेज’ भरतं. यात कुणी वाईट माणूस नाही. खरेदी समितीवरचे आमचे सहकारी प्रामाणिक आहेत, आणि प्रामाणिक आहेत म्हणूनच स्वस्त पंखा घेतात.

तोड ऑफिस अधीक्षकांनी सुचवली. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही पंखा बदला असं लिहू नका. कोटेशन मागवतानाच स्पेसिफिकेशनमध्ये वॅट लिहा. मग स्वस्तातला स्वस्त बीएलडीसीच येईल.” पस्तीस वॅटच्या आतला पंखा, एवढी एक ओळ. मुलांनी ती ओळ असलेली टिपणी टाइप केली, आवक नंबर घेतला, आणि तीन वेळा जाऊन फाइल कुठल्या टेबलावर आहे ते पाहून आली. आता जुना पंखा जळला की त्याच्या जागी कमी वॅटचा येतो. एकदम सगळे बदलले नाहीत, बदलणारही नाहीत. पण त्या मुलांना आवक नंबर म्हणजे काय ते कळलं. नोकरीला लागल्यावर त्यातल्या एकानं मला फोन करून सांगितलं की मुलाखतीत त्यानं हाच किस्सा सांगितला होता.

विजेचा विषय निघाला की मी मुलांना डॉ. हेमा साने यांच्याबद्दल सांगते. गरवारे कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि बुधवार पेठेतल्या जुन्या वाड्यात विजेशिवाय आयुष्य काढलं. मुलं थक्क होतात. काहींना ते खरंच वाटत नाही. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे, पण मुलांना मी हेही सांगते की संस्थेला व्रत घेता येत नाही. संस्थेला नियम करता येतो, शीर्ष तयार करता येतं, जबाबदारी कुणाच्या तरी नावावर टाकता येते. आपल्याला इथे तेवढंच करायचं आहे.

चाव्यांचं आता सांगते. कॉलेजातला पंप कोण चालू करतं, कचऱ्याची ट्रॉली कुठे रिकामी होते, गच्चीचं दार कधी उघडतं, हे प्राचार्यांना माहीत नसतं, मला माहीत नव्हतं, मुलांना तर नसतंच. मामांना माहीत असतं. इंटर्नशिपमधला माझा पहिला आणि बहुधा एकमेव कडक नियम हा की मामांना आणि मावशींना काही शिकवायला जायचं नाही. विचारायला जायचं. हातात क्लिपबोर्ड आला की वीस वर्षांच्या मुलाच्या आवाजात साहेबी येते. ती मी लगेच हाणून पाडते.

एका वर्षी माण तालुक्यातली, हॉस्टेलवर राहणारी एक मुलगी गटात होती. गावात टँकरचं पाणी पाहिलेली. सकाळी लवकर आवारात फिरताना तिला मुख्य इमारतीच्या गच्चीवरून पागोळीसारखं पाणी पडताना दिसलं. रोजचंच होतं ते. आम्ही सगळे त्याच भिंतीजवळून आयुष्यभर जात होतो, आणि त्या भिंतीवरचं शेवाळ मी मुलांना ब्रायोफायटा शिकवताना दाखवतही होते. तिनं बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन किती पाणी जातं ते मोजलं. गटातल्या बाकीच्यांनी ताबडतोब निष्कर्ष काढला की पंपवाले मामा मोटर लावून चहाला जातात. ती मात्र मामांजवळ जाऊन बसली. मामांनी सांगितलं ते असं. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळेतच जोरात येतं. त्या वेळात खालची टाकी भरून घ्यायची तर वरची आधी भरून खालची रिकामी ठेवावी लागते. वरची टाकी भरली की नाही हे पाहायला चार मजले चढावे लागतात आणि त्यांचे गुडघे गेलेले. लेव्हल कंट्रोलर बसवा म्हणून त्यांनी एकदा तोंडी सांगितलंही होतं. कुणाला, ते त्यांना आठवत नव्हतं.

लेव्हल कंट्रोलर ही काही फार महाग वस्तू नाही. तो बसला. पण मामांच्या मनात शंका होती, आणि ती खरी होती. मोटर आपोआप बंद होणार असेल तर पंपावर माणूस कशाला, असं उद्या कुणी म्हणालं तर? त्या मुलीनं तिच्या अहवालात मुद्दाम एक परिच्छेद घातला. वाचलेल्या वेळात मामांकडे मीटरच्या रोजच्या नोंदीचं काम द्यावं, असा. आज आमच्याकडे पाण्याच्या रोजच्या नोंदीची वही आहे, मामांच्या अक्षरातली. कुठल्याही एजन्सीच्या ऑडिटपेक्षा माझा त्या वहीवर जास्त विश्वास आहे. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीसेक लिटर घालवतो हे पुस्तकातलं गणित. मामांच्या वहीत ते रात्रीच्या वाढलेल्या आकड्यात दिसतं.

पावसाच्या पाण्याचं गणित मुलांना फार आवडतं, कारण ते सोपं आहे आणि उत्तर मोठं येतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पडतो. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर सात लाख लिटर, गळती-बाष्पीभवन वजा जाता साडेपाच लाख तरी. आकडा फलकावर लिहिला की टाळ्या पडतात. मग मी त्यांना पाइप दाखवायला नेते. पाइप जमिनीत जातो आणि पुढे कुठे जातो ते कुणाला सांगता येत नाही. नकाशा नाही. हा विषय आम्ही अजून तिथेच सोडलेला आहे.

कचरा. २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवाराच्या संस्थेनं कचरा वेगळा करायचा आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा असे. आमच्याकडे हिरवे-निळे डबे होते, वर इंग्रजीत आणि मराठीत पाट्या होत्या, तरी कचरा मिसळलेलाच निघायचा. पहिल्या गटाचा सल्ला अपेक्षेप्रमाणे ‘जनजागृती’ हाच होता. दुसऱ्या गटाला मी हातमोजे देऊन सफाईच्या मावशींबरोबर पाठवलं. दुपारपर्यंत उलगडा झाला. ट्रॉली एकच होती. मुलं डब्यात वेगळं टाकोत की एकत्र, मावशींना दोन्ही डबे एकाच ट्रॉलीत ओतावे लागत, कारण घंटागाडी यायच्या आत पूर्ण आवार संपवायचं असे. दुसरी ट्रॉली आणली. दोन जुन्या चाकांवर वेल्डिंग करून घेतली, एवढंच. मावशींनी लगेच वेगळं करायला सुरुवात केली, कारण वेगळा केलेला पुठ्ठा आणि बाटल्या विकता येतात आणि ते पैसे त्यांना मिळतात.

या शहरात हे काही नवं ज्ञान नाही. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागात काम करणाऱ्या लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने कचरावेचक बायकांना अक्षर शिकवायला गेल्या. त्यातून बाबा आढावांच्या पुढाकारानं १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. २००८ मध्ये पुणे महापालिकेनं तिच्याशी करार केला. विद्यापीठातल्या बाईंनी कष्टकरी बाईंकडून शिकण्याची ही आपल्याच गावातली परंपरा आहे. मुलांना ती ठाऊक नसते, कारण पर्यावरणाच्या पाठ्यपुस्तकात कचऱ्यावर धडा असतो, कचरा उचलणाऱ्या बाईवर नसतो. दर वर्षी मी मुलांना एकदा उरुळी देवाचीच्या कचरा डेपोची, तिथल्या आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांच्या आंदोलनाची माहिती काढायला लावते. आपण ज्याला ‘फेकून दिलं’ म्हणतो ते कुणाच्या विहिरीशेजारी जाऊन पडतं, हे कळल्यावर पथनाट्याची भाषा आपोआप उतरते.

वाळलेल्या पाल्याची गोष्ट याला जोडूनच येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या आवारात पाल्याचे ढीग साचतात. रेन ट्री, पिंपळ, पीतमोहर, सगळ्यांची झड जवळपास एकदमच. माळीकाका सकाळी ढीग करून काडी लावत. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर दंड लावला, साधा जाळला तर पाच हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर पंचवीस हजार. तो आदेश छापून आम्ही माळीकाकांच्या खोलीबाहेर चिकटवला नाही, कारण तो त्यांच्यासाठी नव्हताच. जागा नव्हती, म्हणून ते जाळत. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’सारख्या नागरिकांच्या गटांनी पाला न जाळता जिरवायच्या साध्या पद्धती घराघरांत नेल्या आहेत, त्यांतलीच एक आम्ही उचलली. टेनिस कोर्टामागच्या मोकळ्या जागेत जाळीचे गोल उभे केले. कँटीनचा ओला कचरा आणि पाला थरावर थर. नुसता ओला कचरा सडतो, वास मारतो. पाल्यातला कार्बन मिळाला की नत्राशी प्रमाण साधतं आणि खत होतं. प्रमाण कार्बनचे पंचवीस-तीस भाग आणि नत्राचा एक, असं पुस्तक सांगतं. माळीकाका मूठ दाबून सांगतात. दोघांचं उत्तर बहुतेक वेळा जुळतं.

सगळ्यात रंजक खोली मात्र दुसऱ्या मजल्यावरची. तिला कायम कुलूप. आत काय आहे ते विचारल्यावर मामा म्हणाले, “डेड स्टॉक.” दार उघडलं तर जुने संगणक, ढोपरभर खोलीचे काचेचे मॉनिटर, झेरॉक्स मशिनचे सांगाडे, यूपीएसच्या फुगलेल्या बॅटऱ्या. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. हे भंगारवाल्याला द्यायचं नसतं, नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रण करणाऱ्याला द्यायचं असतं, हे मुलांना माहीत होतं. त्यांनी दोन फोन केले आणि टेंपो यायची तारीखही ठरवली. मग कळलं की यातली एकही वस्तू हलवता येणार नाही, कारण डेड स्टॉक रजिस्टरमध्ये ती कॉलेजची मालमत्ता आहे. ती काढायची तर निर्लेखन करावं लागतं. निर्लेखनासाठी समिती लागते, समितीला प्रत्येक वस्तूचा खरेदीचा दिनांक आणि किंमत लागते, आणि काही संगणक ज्या अनुदानातून आले होते ती योजनाच आता अस्तित्वात नाही. रजिस्टरमधला अनुक्रमांक आणि संगणकावर रंगवलेला अनुक्रमांक जुळवत ती मुलं धुळीत कितीतरी दुपारी बसली. त्यातल्या एकीला दम्याचा त्रास होता, तिला मी बाहेर टायपिंगला बसवलं. अखेर समितीनं सह्या केल्या तेव्हा त्या गटाचे १२० तास कधीच संपलेले होते. टेंपो आला त्या दिवशी मूळ गटातले दोघं सुट्टी काढून हजर होते. प्लास्टिकबंदीवर कितीही पोस्टर रंगवली असती तरी संस्था म्हणजे काय हे त्यांना असं कळलं नसतं.

झाडांबद्दल थोडंच लिहिते, कारण वनस्पतिशास्त्राची शिक्षिका असून मी या कार्यक्रमात झाडं लावायला उत्साह दाखवत नाही, हा माझ्यावरचा जुना आरोप आहे. आमच्या आवारातली गणती मुलांनी केली तेव्हा मोठ्या झाडांत परदेशी बरीच निघाली. गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री आणि टेकडीकडच्या बाजूचं गिरिपुष्प अमेरिका खंडातलं. ती तोडावीत असं माझं म्हणणं नाही, त्यांच्यावरही घारी घरटी करतात. पण नवं लावायचं तर मोजकं, देशी आणि पाणी घालणारा माणूस नेमून. पाच जूनला पुण्यात बहुधा पाऊस पोचलेलाही नसतो आणि कॉलेजला सुट्टी असते. त्या दिवशी पाहुण्यांच्या हस्ते लावलेल्या रोपांची पुढच्या मे महिन्यात मोजणी करायचं काम मी एका गटाला दिलं होतं. तो अहवाल मी पाहुण्यांना पाठवलेला नाही. झाडांना नावाच्या पाट्या खिळ्यांनी ठोकायच्या नाहीत, दोरीनं बांधायच्या, हे मुलांनी ‘आंघोळीची गोळी’ या गटाच्या खिळेमुक्त झाडांच्या मोहिमेतून उचललं आणि काढलेले खिळे अजून एका बरणीत आहेत.

आता या कार्यक्रमाचं दुखणं. ते कचऱ्यात किंवा विजेत नाही, घड्याळात आहे. मुलं १२० तास देतात आणि जातात. दिवाळीच्या सुट्टीत जाळीच्या गोलांवर पाणी कुणी मारायचं? परीक्षेच्या महिन्यात कँटीनच्या उरलेल्या अन्नाचं वजन कुणी करायचं? मागे वळून पाहिलं तर एक गोष्ट स्वच्छ दिसते. कुणाच्या तरी रोजच्या कामात शिरलं ते टिकलं: पंख्याच्या स्पेसिफिकेशनमधली ओळ, मामांची वही, दुसरी ट्रॉली. मुलांच्या उत्साहावर उभं होतं ते पुढच्या सत्रात आडवं झालं. कागदविरहित कार्यालय, सायकल दिवस, ‘माझी बाटली माझी जबाबदारी’ यांची मला आता नावंही यादीत पाहावी लागतात. म्हणून गटाचे शेवटचे तास मी सादरीकरणाला देत नाही. ज्याच्याकडे काम सोपवायचं त्या माणसाबरोबर बसून, त्याच्या भाषेत, एका पानावर ते काम लिहून द्यायचं. त्या पानावर त्या माणसाची सही आली तरच मी मुलाच्या प्रमाणपत्रावर सही करते. यावरून माझ्याशी भांडण झालेल्या मुलांची संख्या कमी नाही.

दुसरं दुखणं पैशाचं, आणि ते मला जास्त सलतं. आमची इंटर्नशिप बिनपगारी आहे. ज्या मुलाला संध्याकाळी कुरिअरच्या गोदामात किंवा हॉटेलात काम करावं लागतं, तो १२० तास आम्हाला फुकट कुठून देणार? तो कुठल्या तरी ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणतो आणि श्रेयांक मिळवतो. मग आमच्याकडे येतात ती घरची बरी परिस्थिती असलेली मुलं. पाणी आणि कचरा ज्यांनी सोसला आहे ती येतच नाहीत. माणची मुलगी आली ती अपवाद म्हणून, आणि तिनं काय केलं ते वर लिहिलंच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ज्या महाराष्ट्रात रयत शिक्षण संस्था उभी केली आणि मुलांना कमवत शिकायला लावलं, तिथे ही अडचण आम्हाला यावी हे बरोबर नाही. आमच्या विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ योजना आजही आहे. तिच्यातली मुलं ग्रंथालयात पुस्तकं लावतात, बागेला पाणी घालतात. त्यांच्या ताशी मानधनातून मीटर वाचायचं, पाला जिरवायचं, डेड स्टॉक जुळवायचं काम का होऊ नये? तसा प्रस्ताव मी दिला आहे. त्याला आवक नंबर मिळाला आहे.

शेवटी आमच्या माजी विद्यार्थ्यांना, आणि तुम्ही ज्या कुठल्या कॉलेजचे असाल तिथल्याही, एक विनंती. पंचवीस वर्षांच्या गेट-टुगेदरला तुम्ही कॉलेजला शंभर रोपं भेट देता. कृपा करून देऊ नका. त्या पैशांत एका मुलाचं एका सत्राचं मानधन द्या. रोपांना पाटी लागते तशी तुमच्या बॅचच्या नावाची पाटी लावायची असेल तर पंपाच्या खोलीवर लावू, मामांची हरकत नाही.